चबुतऱ्यावरची काठी

ती काठी आजही माझ्या कानात वाजते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, चंबळच्या घळींत माग काढत हिंडलो. पण चार माणसांत बसलो की मी सांगतो ती हीच केस. हिच्यात गुन्हा नव्हता, आरोपीही नव्हता, आणि तपास अधिकाऱ्याला अक्कल नव्हती. तपास अधिकारी अर्थात मी.

छप्पन साल होतं. मध्यभारत मोडून नवा प्रांत व्हायचा होता, राजधानी भोपाळला जाणार हे पक्कं झालं होतं. आमच्या शहरातल्या लष्कर भागाच्या कोतवालीत अजून संस्थानच्या वेळचे कागद वापरात होते. वरचं नाव शाईनं खोडून खाली 'मध्यभारत' लिहायचं, आणि आता तेही कधी खोडायचं याची वाट बघायची. मी नुकताच सब-इन्स्पेक्टर झालो होतो. गावातले लोक दरोगाजी म्हणत. मला ते इतकं आवडायचं, की कुणी नुसतं 'अहो' म्हणालं तर मी वळूनच बघत नसे.

त्या उन्हाळ्यात मला कॉलेजातल्या इंटरच्या परीक्षेचा बंदोबस्त दिला. प्रश्नपत्रिकांची लाखबंद पाकिटं सकाळी खजिन्यातून काढायची, टांग्यातून कॉलेजात न्यायची, केंद्राध्यक्षांसमोर सील दाखवून सही घ्यायची. एवढं झालं की पोलिसाचं काम संपलं. पुढे पेपर संपेपर्यंत कडुनिंबाखाली उभं राहायचं. तरुण अधिकाऱ्याला रिकामं उभं करू नये. तो गुन्हा शोधतो, आणि सापडला नाही तर तयार करतो.

कॉलेजच्या मागच्या अंगाला एक खोली होती. तिच्या दारा-खिडक्यांना चिका, म्हणजे बांबूच्या कामट्यांचे पडदे, सोडलेल्या. सरदार घराण्यांतल्या गोषातल्या बायका बाहेरून परीक्षेला बसत, त्यांची ही सोय. पडदा लावलेला टांगा थेट ओसरीला लागायचा. आत पर्यवेक्षणाला एक मास्तरीणबाई असायच्या. सोबतच्या पुरुषांना समोरच्या दगडी चबुतऱ्यावर बसायची परवानगी केंद्राध्यक्षांनी दिली होती. ती नसती तर त्या बायका आल्याच नसत्या.

पहिले पेपर सुरळीत गेले आणि मग खबर आली. नया बाजारात मला एका पानवाल्याकडे एका गृहस्थानं गाठलं. कडक इस्त्रीचा कुर्ता, कानात अत्तराचा फाया, बोलणं अदबीचं.

"दरोगाजी, नाव माझं घेऊ नका. पण त्या पडद्याच्या खोलीत नकल चालली आहे. आमच्याच नात्यातली बाई आहे म्हणून जीव तुटतो."

"कोण पुरवतं?"

"सासरा. चबुतऱ्यावर बसतो ना, पगडीवाला? काठीनं सांगतो. ठक ठक. जरा लक्ष देऊन बघा."

जीव तुटतो म्हणून खबर देणारा माणूस सहसा दुसऱ्याचं काहीतरी तोडायला निघालेला असतो, हे मला पुढे कळलं. तेव्हा मी त्याचे आभार मानले आणि पानाचे पैसेही दिले.

दुसऱ्या दिवशी मी वेषांतर केलं. मेव्हण्याचा कोट घातला, चष्मा लावला आणि पर्यवेक्षक म्हणून ओसरीवर फिरू लागलो. पहिल्याच वर्गाच्या दारातून आवाज आला, "नमस्ते दरोगाजी." पायांतले पोलिसी बूट बदलायला मी विसरलो होतो. एका मुलानं उठून विचारलं, "सर, तीसरे सवाल में छपाई की ग़लती है क्या?" मी गंभीरपणे म्हणालो, "जैसा छपा है वैसा लिखो." त्या वर्गाचं काय झालं, देव जाणे.

पण चबुतऱ्यावर म्हातारा होता. अंगरखा, जुन्या घडणीची पगडी, पांढऱ्या मिशा, हातात चांदीच्या मुठीची काठी. ताठ बसलेला, नजर समोरच्या भिंतीवर. थोड्या थोड्या वेळानं तो काठी दगडावर टेकायचा. ठक. कधी दोनदा. मग घसा खाकरायचा. पुन्हा शांत.

मी आणि आमचे दिवाणजी (म्हणजे हेड कॉन्स्टेबल, भिंडकडचे) खांबाआड बसून हे सगळं टिपू लागलो. एक ठोका म्हणजे पहिला प्रश्न, दोन म्हणजे दुसरा, खाकरणं म्हणजे 'हो', असा तर्क मी लावला. मग इतिहासाचा पेपर हातात घेऊन ताळा बघितला. माझ्या हिशोबानं म्हातारा सुनेला सांगत होता की अकबर हो, दुसरा, दुसरा, हो.

दिवाणजी म्हणाले, "साहब, मुझे तो लगता है हुक्का माँग रहा है."

"तुम चुप रहो," मी म्हणालो.

केंद्राध्यक्ष आमच्यातलेच, मराठी प्राध्यापक. चष्म्यावरून बघणारे, मितभाषी. मी त्यांना लेखी दिलं की अमुक इसम आवारात बसून संशयास्पद खुणा करतो, सबब त्यास आवाराबाहेर काढावे. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"दरोगासाहेब, खात्री आहे?"

"शंभर टक्के."

"ती मुलगी विधवा आहे. हे इंटर झालं तर शाळेत नोकरी ठरली आहे तिची. जहागीर गेली, मुलगा गेला, घरात आता हे दोघंच. तुमचं खरं निघालं तर तिला पुन्हा परीक्षेला बसता येणार नाही. म्हणून विचारतो, खात्री आहे?"

मी मिशीवरून हात फिरवला. मिशी त्या काळी माझी खात्री होती.

पुढच्या पेपरला, पाकिटं फुटून आतल्या बायका लिहायला लागल्यावर, मी म्हाताऱ्यापाशी गेलो आणि नम्रपणे म्हणालो, "जरा कोतवालीपर्यंत येता?" त्यानं एकदा चिकेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सरकारी बोलावणं आहे, तर आलंच पाहिजे," म्हणाला.

आता चौकशी. चौकशीत आरोपीला उभं ठेवावं, आपण बसावं, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. म्हातारा खोलीत आला आणि माझ्या नकळत मी माझी खुर्ची त्याला दिली. तो बसला. मी उभा.

"कुणाचे तुम्ही?" त्यानं विचारलं.

मी वडिलांचं नाव सांगितलं.

"आजोबा?"

तेही सांगितलं. त्याचे डोळे बारीक झाले. "म्हणजे आमच्या पागेतल्या शिलेदारांचे नातू. लाल घोडी होती त्यांची, चावरी. लग्न झालं तुमचं?"

"हो."

"आई आहे?"

"आहे."

"तिला नमस्कार सांगा. पगार वेळेवर मिळतो ना या नव्या राज्यात?"

कोपऱ्यात दिवाणजी दौतीत टाक बुडवून बसले होते. त्यांनी हळूच विचारलं, "साहब, बयान किसका लिखना है?"

मी भानावर आलो. आवाज चढवून म्हणालो, "सरदारसाहेब, तुम्ही काठीनं कसली खूण करता?"

म्हाताऱ्यानं काठी जवळ ओढली. मग उठू लागला. "मला आता जायला हवं. तिला ऐकू जायला हवं."

"काय ऐकू जायला हवं?"

"घरच्या लेकी-सुनांची बोलणी कोतवालीत होत नसतात, बाळ."

त्यानं ओठ मिटले ते मिटले. मी टेबलावर हात आपटला, कायद्याची कलमं सांगितली, पाणी दिलं, पुन्हा कलमं सांगितली. त्या मौनात मला कबुली दिसत होती.

तेवढ्यात कॉलेजचा शिपाई सायकलवरून धापा टाकत आला. केंद्राध्यक्षांचा निरोप: पडद्याच्या खोलीतल्या बाईंनी लिहिणं थांबवलं आहे. टाक खाली ठेवून बसल्या आहेत. मास्तरीणबाईंनी विचारलं तर बोलत नाहीत, नुसत्या दाराकडे बघतात.

मी दिवाणजींच्या पाठीवर थाप मारली. "बघितलं? इकडे काठी बंद, तिकडे उत्तरं बंद. यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?"

म्हाताऱ्याचा चेहरा मात्र एकदम उतरला. काही न बोलता तो दाराकडे निघाला. त्या दाराबाहेरच्या बोळात फिर्याद द्यायला आलेली एक बाई भिंतीला टेकून बसली होती. नवऱ्यानं मारलेली कुणी गरीब बाई, डोक्यावरचा पदर घसरलेला. म्हातारा उंबऱ्याशी थांबला. इतक्या घाईतही थांबला. काठी दोनदा जमिनीवर टेकली, घसा खाकरला, नजर खाली घातली आणि उभा राहिला. बाईनं चटकन पदर सावरला, पाय जवळ घेतले. मग तो पुढे गेला.

मी तिथंच खिळलो.

आमच्या घरी माझे आजोबा असंच करत. माजघराच्या दाराशी आले की खाकरायचं, काठी टेकायची आणि आईला सावरायला वेळ देऊन मगच आत यायचं. आई स्वयंपाकघरातून ऐकायची आणि खाकरण्यावरूनच ओळखायची, आज यांना बरं नाही, आज चहा हवा, आज रागावलेत. सासरा-सून एका छपराखाली वीस-बावीस वर्षं राहिले, पण त्यांचं एकमेकांशी शब्दानं बोलणं मी कधी ऐकलं नाही. जे काही होतं ते त्या ठोक्यात आणि त्या खाकरण्यात होतं. मी लहानपणापासून ती भाषा ऐकत आलो होतो. आणि दरोगा झाल्यावर तिच्यातून अकबर शोधत होतो.

"आबासाहेब," मी धावत बोळात गेलो. घरचे त्यांना काय म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं, पण तोंडातून तेच निघालं. "त्या कधी एकट्या बाहेर पडल्या नव्हत्या ना?"

ते थांबले. भिंतीकडे बघत म्हणाले, "पहिल्या दिवशी दारातच थांबली ती. परत फिरत होती. मी काय बोलणार? इथून काठी टेकली. मग गेली आत. तेव्हापासून टेकतो. मी आहे, एवढंच. दुसरं मला सांगता तरी काय येणार? मला कुठे ठाऊक आहे त्यांचा इतिहास."

टांगा बोलावला, पण सराफ्यात लग्नाची वरात अडकली होती, टांगा निघेना. शेवटी दिवाणजींची सायकल घेतली. पुढे मी, मागे कॅरिअरवर अंगरखा-पगडीतले सरदार, काठी आडवी धरून. सराफ्यातले जुने दुकानदार गाद्यांवरून उठून मुजरा करत होते आणि म्हातारा कॅरिअरवरून तो रीतसर घेत होता.

"बरी आहे," ते मागून म्हणाले. "घोड्यासारखा दाणा मागत नाही."

"आबासाहेब, घट्ट धरा."

"आम्ही बसलो की धरत नसतो."

केंद्राध्यक्ष ओसरीवर उभेच होते. मी धापा टाकत म्हणालो, "यांना चबुतऱ्यावर बसू द्या."

"तुम्हीच लेखी दिलंय, बसू देऊ नये म्हणून."

"मी गाढव आहे."

"तेही लेखी द्या," ते शांतपणे म्हणाले आणि खिशातून पेन काढून दिलं. मी खांबावर कागद ठेवून लिहिलं की चौकशी केली, आक्षेपार्ह काही आढळले नाही, तक्रार मागे घेत आहे. त्यांनी पुन्हा दोनदा वाचलं. "गेलेला वेळ मी परत देऊ शकत नाही," म्हणाले. "परीक्षा सगळ्यांची एकच असते."

म्हातारा तोवर चबुतऱ्यावर बसलाही होता. काठी टेकली. ठक. मग खाकरला, जरा मोठ्यानं.

चिकेआड खुर्ची सरकल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं मास्तरीणबाईंनी चिक बाजूला करून केंद्राध्यक्षांना मान हलवून सांगितलं, लिहिताहेत.

उरलेले सगळे पेपर मी वर्दीत, उघडपणे, चबुतऱ्यावर आबासाहेबांच्या शेजारी बसून काढले. खबर कुणी दिली हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनीच एकदा सहज विचारलं, "आमचा पुतण्या भेटला होता का हो नया बाजारात? सून बाहेर पडली म्हणून फार त्रास होतो त्याला." मी कडुनिंबाकडे बघत राहिलो. ते हसले.

शेवटच्या पेपरला ऊन फार होतं. आबासाहेबांना बारीक ताप होता, तरी आले. मध्यावर त्यांची मान खाली झुकली आणि बसल्या बसल्या डोळा लागला. मी थोडा वेळ वाट बघितली. मग त्यांच्या हातातून काठी अलगद घेतली आणि टेकली. ठक. खाकरायचं धाडस केलं नाही. पेपर संपेपर्यंत मी सरकारी पगारावर ते काम केलं, आणि नोकरीतलं माझं सर्वांत चोख काम तेच असावं.

निकाल लागला त्या दिवशी आबासाहेब कोतवालीत आले. मी खुर्ची दिली. या वेळी समजून उमजून दिली.

"पास झाली. तिसऱ्या वर्गात," ते म्हणाले. मग काठीची मूठ बराच वेळ चोळत बसले. "आणि बोलली. निकाल सांगायला दिवाणखान्याच्या दाराशी आली आणि माझ्याशी बोलली. इतकी वर्षं घरात आहे, आवाज कसा आहे हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या धाकट्या बहिणीसारखा आहे."

"काय म्हणाल्या?"

"पास झाल्याचं नंतर सांगितलं. आधी विचारलं, आबासाहेब, शेवटच्या पेपराला मधेच काठी दुसऱ्या कुणाची होती. तुम्हाला बरं होतं ना?"

दिवाणजी कोपऱ्यात खोकले.

"मी सांगितलं, दरोगाजींची होती," आबासाहेब म्हणाले. "तर म्हणते, तरीच. कुणी दार ठोठावतंय असं वाटत होतं."

पुढे नवा प्रांत झाला, माझी बदली झाली, बरीच वर्षं मी माणसांवर नजर ठेवण्याचा पगार खाल्ला. चबुतऱ्यावरच्या म्हाताऱ्यावर मी दिवसच्या दिवस नजर ठेवली होती आणि मला काहीच दिसलं नव्हतं. त्यानंतर कोणत्याही घरची चौकशी करताना मी आधी गप्प बसून ऐकत असे, या घरात कोण कुणाशी कशानं बोलतं. भांडी आपटून, दार लोटून, ताट सारून. पुष्कळदा अर्धा तपास तिथंच व्हायचा.

आता शहरातल्या हरिशंकरपुरम वस्तीत मुलाकडे असतो. स्वयंपाकघरात पाणी प्यायला जायचं तरी दाराशी थांबून खाकरतो. सून शाळेत शिकवते, माझ्याशी भरपूर बोलते, डोक्यावर पदर वगैरे काही नसतो. ती आतूनच म्हणते, "बाबा, पुन्हा खोकला? मी कितीदा म्हटलं, दवा ले लो ना." मी मुकाट्यानं दवा घेतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराशी थांबतो आणि खाकरतो.