धन्याचे पान

पंगतीतला शेवटचा माणूस हात धुऊन उठल्याखेरीज धनी कधी पानावर बसले नाहीत. वरवे बुद्रुकजवळच्या त्यांच्या कारखान्यात पंपांचे सुटे भाग होत. कामगार त्यांना धनी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. खंडेनवमीला यंत्रांची पूजा सांगण्यासाठी मी दरवर्षी भोरहून जात असे. पूजेनंतर धनी स्वतः सर्वांना वाढत आणि उष्टी निघाल्यावर एकटेच जेवत. थंड भाताविषयी कोणी हळहळले, तर म्हणत, "गावाकडं, विंझरात, आमच्या आज्यानं हेच केलं. ऊन भात पाव्हण्याचा."

पन्नाशी उलटल्यावर त्यांनी पुण्यातल्या एका संस्थेत, उद्योजकांसाठी चालणाऱ्या व्यवस्थापनाच्या वर्गात नाव घातले. शनिवारी वर्ग सुटला की वाट वाकडी करून ते माझ्या ओसरीवर टेकत. वर्गातही चहाला ते शेवटी उठत आणि बहुधा चहा संपलेला असे. "गुरुजी, तितं शिकवत्यात, संकटात म्होरक्या दिसला पायजे. म्या म्हणलं, दिसंल की, पर ताटावर न्हाई." मी त्यांना समत्वाविषयी सांगे, लाभात आणि हानीत चित्त सारखे असावे, असे. ते ऐकून घेत. मग म्हणत, "मन सारखं ठिवू. पान सारखं ठिवून कसं चालंल?"

याचा अर्थ मला महामारीत कळला. मागणी आटली. त्यांचा मुलगा कारखान्याचा व्यवस्थापक. कर्तबगार आणि सरळ. वयस्क कामगारांना घरी बसवावे, म्हणजे कारखाना तरी वाचेल, असे त्याचे मत होते आणि ते अविचाराचे नव्हते. धन्यांनी आधी स्वतःचा पगार थांबवला, मग मुलाचा. त्यानंतरच, प्रत्येकाला विचारून, इतरांचे काम आणि वेतन थोडे थोडे कमी केले. काढले कोणालाच नाही. माझ्यादेखत ते मुलाला म्हणाले, "नफ्यात धन्याचं पान शेवटी, तोट्यात पयलं. अन तू धन्याच्या घरातला हायेस."

"मग मला विचारायचं तरी होतं, बाबा," मुलगा एवढेच म्हणाला आणि पुण्यास नोकरीवर निघून गेला.

कारखाना तगला. त्याच वर्गात धन्यांना संकटकाळातील नेतृत्वावर बोलण्यासाठी सन्मानाने बोलावले. सगळे सांगितले, मुलाचे तेवढे सांगितले नाही, असे ते ओसरीवर म्हणाले. मोबाईल त्यांनी समोर उताणा ठेवला होता. तो वाजला नाही. दिवेलागण झाली, मी संध्या आटोपून आलो, तरी ते तसेच बसून होते. "त्यो बराबर बोलला, गुरुजी. म्या समद्यांना इचारलं, त्याला न्हाई. आपलाच म्हणून."

त्यानंतर खंडेनवमीला ते आपल्या पानाशेजारी आणखी एक पान मांडू लागले. त्यावर काही वाढत नसत. जेवण झाले की ते पान धुऊन गाईपुढे ठेवीत. मुलगा आला नाही.

गेल्या उन्हाळ्यात धनी गेले. माझे शनिवार आता फार लांबतात. मोटारीचा आवाज आला की नजर अजून फाटकाकडे जाते.

यंदा पूजेला मुलगा होता. कारखाना त्यानेच सांभाळायला घेतला आहे. त्याने सर्वांना वाढले, उष्टी काढली आणि एकटाच पान घेऊन बसला. मी म्हणालो, "शेजारी आणखी एक मांड."

"तुमचं जेवण राहिलं का, गुरुजी?"

"माझं झालं. तुझे वडील मांडत असत."

कोणासाठी, हे त्याने विचारले नाही. पान मांडले, आणि उरलेला थंड भात आधी त्यावर वाढला.