मागे कोणी नाही

नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बायकांच्या आधारगृहात मी बँकेचे व्यवहार शिकवते. काल सुमनताई पहिल्यांदाच स्वतःच्या कमाईतले पैसे काढायला एटीएममध्ये आल्या. कार्ड घातलं, आकडे दाबले. नोटा बाहेर आल्या आणि सुमनताई चटकन बाजूला सरकल्या. मागून एक हात पुढे येणार, हे त्यांच्या अंगाला पाठ होतं.

मागे मी होते.

"घ्या ना," त्या म्हणाल्या.

"तुमचे आहेत, ताई."

मशीन टीं टीं करायला लागलं. तरी त्यांचा हात उठेना. मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही मागे नका उभ्या राहू. तो असाच उभा राहायचा."

मी झटकन बाहेर रस्त्यावर आले.

आमच्या घरात पहिली पदवी माझी. कॉलेजच्या प्रवेशाला प्रत्येकीच्या मागे कोणीतरी होतं, वडील नाहीतर भाऊ. माझ्या मागे कोणी नव्हतं. सगळं एकटीनं केलं, हे मी आजही ताठ मानेनं सांगते. पण तेव्हाची ती मोकळी जागा अजून पाठीला गार लागते. आणि इथे एक बाई नेमकी तीच जागा मागत होती.

काचेतून दिसलं, सुमनताईंनी मान वळवून मागे पाहिलं. मग नोटा उचलल्या.

बाहेर येऊन म्हणाल्या, "किती काढले ते नाही सांगणार हं!"

"नकाच सांगू."

त्या हसल्या आणि एकट्याच बाजाराकडे गेल्या. मी बसस्टॉपकडे निघाले. वाटेत उगाचच एकदा मागे वळून पाहिलं.