चंचीतल्या गोळ्या

बायको गेली त्याच्या आदल्या सांजेला आम्ही दोघं पडवीत तांदूळ निवडत बसलो होतो. तिच्या हातात जोर राहिला नव्हता. तिच्याकडून सुटलेले खडे मी परत काढत होतो. ते बघून म्हणाली, "इतकं बारीक लक्ष संसारात दिलं असतं तर कोळवणात बंगला झाला असता तुमचा." मी हसलो. रात्रीतच ती गेली.

आम्हा दोघांना एचआयव्ही. कुणाचा कुणाला लागला ते उगाळण्यात आता काय राम नाही. पुण्यातल्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळायच्या. रोज एक, जन्मभर. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं, गोळीनं रोग मरत नाही, दबून राहतो. खाडा केला की उठतो. कैक वर्षं तो दबून राहिला. भाताची लावणी आम्ही दोघंच उरकायचो, गावाला संशय नाही.

मग कडेची खोली भाड्यानं दिली. भाडेकरीण नर्स निघाली. मधे नुसता पत्रा. गोळ्यांची डबी खुळखुळली तरी नर्सला कळेल, या धास्तीनं बायकोनं तिच्या गोळ्या डबीतून काढल्या आणि पानसुपारीच्या चंचीत ठेवल्या. माझी डबी मी लांब गोठ्यात ठेवायचो. चारचौघांत तंबाखूची चिमूट टाकावी तशी गोळी तोंडात टाकायची. मला वाटलं, बाई हुशार. पण आमच्याकडचा पाऊस. चंची कंबरेला, लुगडं ओलं, आत चुना. गोळ्यांचं पीठ झालं. ती तेच चाटायची आणि मला सांगायची, खाल्ली.

खोकला लागला, अंग झडलं, वर क्षय. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दाखवा म्हटलं तर हिनं टेबलावर चंची उलटी केली. बाईंनी ते पीठ बोटावर घेऊन बघितलं. मग म्हणाल्या, अर्धवट औषधाला रोग सरावलाय. दुसऱ्या, ताकदीच्या गोळ्या दिल्या. दर खेपेला मी विचारायचो, लागू पडतील ना? त्या म्हणायच्या, उशीर झालाय, पण सोडू नका. आम्ही सोडल्या नाहीत. त्या लागू पडल्या नाहीत. लाजेपायी माणूस गेलं, आणि लाज ज्यांची धरली ते सगळे खांदा द्यायला आले. कशानं गेली म्हणून विचारत होते. मी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गोळ्या संपलेल्या. कुणासाठी खायच्या ते कळत नव्हतं. तरी सदरा घातला. भावकीतला थोरला दारात आडवा आला. "सुतकात कुटं निघाला?"

"एड्सच्या गोळ्या आणाया. तिलाबी त्योच व्हता."

तो बाजूला झाला. मी एसटीच्या थांब्याकडं चालू लागलो.