खंड्याचं खरं नाव

नवरा गेल्यावर मला ज्या माणसांचा हेवा वाटला, त्यांतल्या एकालाही मी पाहिलेलं नव्हतं. ती सगळी देव मानणारी माणसं होती आणि माझा नवरा देव न मानता रोज सकाळी त्यांच्यात जाऊन बसायचा.

आमचं लग्न नव्वदच्या दशकात नाशिकला नोंदणी पद्धतीने झालं. दोघंही नास्तिक. घरात देव्हारा नाही, दाराला तोरण नाही, सत्यनारायण तर नाहीच. पहिली काही वर्षं आम्ही याबद्दल पुष्कळ बोललो. पण एकमत असलेल्या माणसांना एका विषयावर बोलून बोलून किती बोलता येणार? पुढे आमच्यातलं बोलणं कमी झालं. भांडण नव्हतं, दुरावाही नव्हता. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करायचे. घरी आले की दोन खुर्च्यांवर आम्ही दोघं दोन पुस्तकं वाचत बसायचो. मला ते सुखाचं वाटे. अजूनही वाटतं.

सिंहस्थाच्या वर्षी घरी कॉम्प्युटर आला. गावात जिकडेतिकडे साधू, रस्ते बंद, आणि ऑफिसात दिवसभर तीच चर्चा. वैतागलेल्या माझ्या नवऱ्याला कुणीतरी सांगितलं, एक संकेतस्थळ आहे, तिथे लोक मराठीतून भक्तीवर चर्चा करतात, तुझी खाज तिथे भागव. तो भांडायलाच गेला. तिथे खऱ्या नावाने कुणी लिहीत नसे. यानेही टोपणनाव घेतलं, खंड्या. गंगापूर धरणाच्या कडेला तारेवर बसलेला तो निळा पक्षी त्याला फार आवडायचा.

महिन्याभरात भांडण संपलं, पण तो तिथून उठला नाही. फोनची लाइन सकाळी मोकळी असे, म्हणून तो सहाला उठून बसायचा. मोडेमची कुरकुर, मग शांतता, मग कळफलकाचा आवाज. आमच्या इमारतीत घरोघर पूजेची फुलं द्यायला मखमलाबादहून एक बाई यायच्या. आमचं दार सोडून पुढे जाताना त्या उघड्या दारातून आत बघायच्या.

"लय वेळ चालती ओ तुमच्या साहेबांची पूजा," एकदा त्या मला म्हणाल्या. "आन् फुलं नाय लागत?"

"बिनफुलांची आहे," मी म्हणाले.

"मंग आमी काय खायचं बाई?" म्हणून हसत त्या वर गेल्या. नवराही हसला, पण पडद्यावरून नजर न काढता.

चहा द्यायला गेले की मी त्याच्या खांद्यावरून वाचायचे. तो चोरून काही करत नव्हता, उलट खुर्ची थोडी सरकवून मला जागा करून द्यायचा. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. वादाच्या शेवटी तो लिहायचा, 'मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. पण सांगा.' हे 'पण सांगा' त्या लोकांना इतकं आवडायचं की ते पानंच्या पानं लिहीत. कुणी त्याला खंड्याबुवा म्हणे, कुणी नास्तिकमहाराज. एका मुलीने तर परीक्षेच्या आधी त्यालाच विचारलं होतं, काका, नवस बोलू का? याने उत्तर दिलं, आधी अभ्यास कर, मग दोघं मिळून ठरवू.

त्यांत 'चरणरज' नावाने लिहिणारे एक गृहस्थ होते. नांदगावला त्यांचं धान्याचं दुकान होतं, एवढंच त्यांनी सांगितलेलं. बायको वारली होती. ते रोज सकाळी पहिली भाकरी मोडून गच्चीच्या कठड्यावर कावळ्यासाठी ठेवत. त्यावर माझा नवरा काय लिहितो याची मी वाट बघत उभी राहिले. मला वाटलं, आता बिचाऱ्यांची खैर नाही. त्याने लिहिलं, 'कावळ्याने भाकरी नेली की तुम्हाला काय वाटतं?'

चरणरजांनी लांबलचक उत्तर लिहिलं. कावळा आला नाही तर दिवसभर दुकानात चित्त लागत नाही, वजनकाटा दोनदा बघावा लागतो, असं काहीबाही. मी मात्र त्या प्रश्नापाशीच थांबले होते.

"मला कधी विचारलंस का रे, तुला काय वाटतं म्हणून?" मी म्हणाले.

"कशाबद्दल?"

"कशाहीबद्दल."

तो वळला. चष्मा काढून माझ्याकडे बघत म्हणाला, "अगं, तुला काय वाटतं ते मला माहीत असतं."

हे त्याने प्रेमाने म्हटलं होतं आणि ते खरंही होतं. जगात एवढ्या गोष्टी त्याला माहीत नव्हत्या आणि त्या सगळ्या तो त्या लोकांना विचारत होता. मी मात्र माहीत असलेल्यांत जमा होते.

पुढे एका उन्हाळ्यात तो गेला. छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं, तिथून परत आणता आलं नाही. त्याने देहदान लिहून ठेवलेलं होतं, त्याप्रमाणे सगळं केलं. त्यामुळे राख नाही, अस्थी नाहीत. दहावं, तेरावं काही करायचं नाही हे तर आमचं आधीच ठरलेलं. लांबलांबून लोक ज्या गावात दहाव्याला येतात, त्या गावात मी दहाव्या दिवशी घरात कपाटं आवरत बसले. सकाळी नणंदेचा फोन आला, "वहिनी, आज खरंच काहीच नाही का गं?" मी म्हणाले, "नाही." फोन ठेवल्यावर हातांना काय काम द्यावं ते मला कळेना.

मग मी कॉम्प्युटर लावला. त्या संकेतस्थळावर त्याच्या खात्यातूनच लिहिलं, 'मी खंड्याची बायको. तो आता नाही.'

तासाभरात उत्तरं येऊ लागली. कुणीतरी लिहिलं, ईश्वर त्यांच्या आत्म्याला शांती देवो. लगेच दुसऱ्याने त्याला अडवलं, हे त्यांना चाललं नसतं. झालं, नास्तिक माणसासाठी शोक कसा करायचा यावर त्यांची चर्चा सुरू झाली. प्रार्थना करायची की नाही, केली तर इथे सांगायची की नाही. शेवटी ठरलं की खंड्याने आपल्याला जिथे निरुत्तर केलं तो प्रसंग प्रत्येकाने लिहायचा. त्यांनी लिहिलेही, आठवडाभर लिहीत होते. मी रोज वाचत होते आणि रोज जळत होते. त्यांना त्याच्यासाठी करायला काहीतरी सापडलं होतं. मला तर तो कधी निरुत्तर करायला गेलाच नव्हता.

चरणरजांनी त्यात काही लिहिलं नाही. भाद्रपदात त्यांचा वेगळा निरोप आला, फक्त माझ्यासाठी. 'ताई, मी दर सर्वपित्रीला रामकुंडावर येतो. घरचीचं करतो. या वेळी खंड्याच्या नावानेही पाणी सोडावं म्हणतो. मित्राचं करता येतं. पण तुम्ही हो म्हणालात तरच.'

मी लिहिलं, 'तो मानत नव्हता.'

त्यांचं उत्तर आलं, 'मी मानतो ना ताई.'

नाही म्हणायचा अधिकार माझ्याकडे होता आणि तो वापरावासा वाटत होता. सकाळ त्यांनी नेली, बोलणं त्यांनी नेलं, आता मागे राहिलेलंही न्यायला निघाले. पण माझ्याशिवाय त्यांनी ते केलं असतं, तर त्या दिवशी मी घरात बसून काय केलं असतं तेही मला दिसत होतं. मी लिहिलं, 'मी येईन.'

रामकुंडावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. पायऱ्यांवर मुंडण केलेली डोकी, द्रोण, ओले पंचे, झेंडूची फुलं विकणाऱ्या बायका. ते गृहस्थ ठरल्याप्रमाणे पुलाच्या बाजूला उभे होते. ठेंगणे, सावळे, धोतर नेसलेले, हातात पिशवी. मला उगाचच उंच, करारी माणूस अपेक्षित होता.

"ताई का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ते हात जोडून म्हणाले, "लय भांडलो ओ आम्ही." आणि त्यांचे डोळे भरले. माझे तोपर्यंत एकदाही चारचौघांत भरले नव्हते. त्याचाही मला हेवा वाटला.

गुरुजी घाईत होते. चरणरजांनी बोटात दर्भाचं पवित्रक घातलं, उपरणं उजव्या खांद्यावर घेतलं. आधी बायकोचं झालं. तिचं नाव उच्चारताना त्यांचा आवाज अगदी रोजचा होता, हाक मारल्यासारखा.

"पुढे?" गुरुजी म्हणाले.

"मित्र."

"नाव सांगा. गोत्र सांगा."

चरणरजांचा तिळाचा हात तसाच राहिला. ते गोंधळून म्हणाले, "खंड्या."

"अहो, हे काय नाव झालं? लाडाचं नको. खरं नाव."

ते हातातल्या तिळांकडे बघत राहिले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्यांना ते माहीतच नाही. इतकी वर्षं रोज सकाळी एकमेकांच्या काळजात हात घालणाऱ्या या दोन माणसांनी एकमेकांना नाव विचारलं नव्हतं. तिथली रीतच तशी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे बघू लागले. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. एवढं एक माझ्याकडे उरलं होतं.

मागे रांग खोळंबली होती. गुरुजी म्हणाले, "नसेल माहीत तर राहू द्या. ज्यांचं कुणी नाही, त्यांच्यात घालू. तशी सोय आहे."

"असं कसं?" मी म्हणाले. "त्याचं आहे कुणीतरी."

मी पुढे होऊन नाव सांगितलं. तो गेल्यापासून मी ते मोठ्याने उच्चारलंच नव्हतं.

"गोत्र?"

ते मला ठाऊक नव्हतं. नोंदणी कार्यालयात कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही त्याला कधी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "माहीत नाही."

"मग काश्यप," गुरुजी पळी उचलत म्हणाले. "ज्यांना माहीत नाही, ते सगळे काश्यप."

चरणरज माझ्याकडे वळून एकदम हसले, ओल्या डोळ्यांनी. मलाही हसू आलं. 'मला माहीत नाही' म्हणणाऱ्यांना गोत्र आहे, हे त्याला सकाळी सहाला कुणीतरी कळवायला हवं होतं.

मग त्यांनी अंगठ्याच्या बाजूने तीळ घातलेलं पाणी सोडलं आणि गुरुजींच्या मागून नाव म्हटलं. त्यापुढे दुकानदारी सवयीने 'राव' लावलं.

"राव नको," मी म्हणाले. "त्याला आवडायचं नाही."

"नुसतंच?"

"नुसतंच."

त्यांनी नुसतं नाव घेऊन पुन्हा पाणी सोडलं. पाणी गोदावरीत गेलं. ते त्याच्यापर्यंत पोचलं असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण ते पडेपर्यंत मी त्या पाण्याकडेच बघत होते.

त्यांना नांदगावच्या एसटीत बसवायला मी स्टँडपर्यंत गेले. खिडकीशी उभी राहून म्हणाले, "एक सांगू? ते नाव तिथे लिहू नका."

"नाय लिहिणार," ते म्हणाले. मग खिडकीतून वाकून त्यांनी विचारलं, "ताई, मी नाव घेतलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

गाडी चालू झाली होती. कंडक्टरने घंटी मारली. मी काय उत्तर दिलं ते त्यांना ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते त्यांना लिहून कळवलं. हेवा वाटला, असं लिहिलं. त्यावर त्यांचं लांबलचक उत्तर आलं, आणि मग मला पुन्हा लिहावं लागलं.

नाव त्यांनी तिथे कधीच लिहिलं नाही. मीही इथे लिहीत नाही.