घरीच असतो

वसईजवळच्या सांडोरात कुणी यमुनाबाईंना विचारलं, "यंदा केळी कशी?" तर उत्तर ठरलेलं असे, "कसली केळी नि कसलं काय." मागे वाडीत केळ्यांच्या लोंगरांच्या भारानं झाडं वाकलेली असत, अंगणात सुकेळी वाळत असत, त्यांचा गोड वास विचारणाऱ्याच्या नाकात शिरत असे, आणि बाई मात्र कपाळाला हात लावून उभ्या. उमंग, त्यांचा एकुलता एक मुलगा, इंजिनीअरिंगला पहिल्या वर्गात आला तेव्हा त्यांनी गावभर सांगितलं, "झाला बिचारा कसाबसा पास." लोक हसत. बाई खोटं बोलतात हे सगळ्या गावाला माहीत होतं, त्यामुळे त्यांच्या खोट्याला खोटं असं कुणी म्हणतच नसे. राऊतांच्या घरची ती एक रीत होऊन बसली होती.

यामागे एक दुखणं होतं. यमुनाबाईंचं माहेर बोळिंजचं. आता तिथे इमारतींच्या रांगा आहेत, पण त्या लहान असताना वाड्याच वाड्या होत्या. त्यांचा थोरला भाऊ मोरेश्वर याला रेल्वेत कारकुनाची नोकरी लागली. बापाला आनंद मावेना. पत्र हातात पडलं त्याच दिवशी त्यानं घरोघर पेढे पाठवले. कामावर रुजू व्हायच्या आधीच मोरेश्वर तापानं फणफणला आणि गेला. डॉक्टरनं टायफॉइड म्हटलं, यमुनाबाईंनी पेढे म्हटलं. तेव्हापासून हाती आलेली गोष्ट पदरात पडेपर्यंत तोंडातून काढायची नाही, आणि कुणी खोदून विचारलंच तर उलटं सांगायचं, हा त्यांचा नेम झाला. मुलाचं नाव उमंग ठेवलं ते नवऱ्याच्या हट्टापायी. घरात त्या त्याला धोंड्या म्हणत. दगडाला कोण दृष्ट लावणार?

उमंग अंधेरीला एका लहानशा कॉम्प्युटर कंपनीत चार वर्षं काम करत होता. दोन हजार साल उजाडलं आणि जिकडेतिकडे अमेरिकेचं वारं सुटलं. तिकडच्या एका कंपनीनं फोनवर त्याची मुलाखत घेतली, त्याला पसंत केलं आणि व्हिसासाठी आपल्या नावावर अर्ज भरला. तिकडची मंजुरीही आली. उरला होता तो मुंबईतला पासपोर्टावरचा शिक्का. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, असं त्याचे वडील दिनानाथ म्हणाले. यमुनाबाईंनी लगेच त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

त्या वर्षांत खोट्या अनुभवाचे दाखले काढून पुष्कळ पोरं निघाली होती. म्हणून व्हिसावाले चौकशी करत. कंपनीत फोन लावत, कधी घरीही लावत. उमंगनं हे वडिलांना बजावून सांगितलं होतं. "बाबा, कुणी विचारलं तर जे खरं आहे तेच सांगायचं." दिनानाथनी मान डोलावली आणि बायकोला त्यातलं अक्षरही सांगितलं नाही. बायकांना काय कळतं त्यातलं, हा आमच्याकडच्या पुरुषांचा जुना आजार. त्यावर औषध अजून निघालेलं नाही.

त्यातच उमंगच्या कंपनीनं जागा बदलली. अर्जावर जो नंबर होता तो नुसता वाजत राहिला. कुणी उचलेना. मग एका दुपारी राऊतांच्या घरातला फोन वाजला.

दिनानाथ वसईला बाजारात गेले होते. यमुनाबाई ओटीवर शेजारच्या जुलियानाबायबरोबर वालाच्या शेंगा सोलत होत्या. हात पुसत त्यांनी फोन घेतला.

"उमंग राऊत यांचं घर का?" पलीकडे एक बाई, अगदी स्वच्छ मराठीत.

"हा. तो नाय घरात."

"आपण कोण बोलताय?"

"त्याची आई."

"ते सध्या काय करतात?"

झालं. अनोळखी आवाज, गोड बोलणं, आणि मुलगा काय करतो ही चौकशी. यमुनाबाई सावध झाल्या. कुणीतरी लग्नासाठी सोयरीक बघतंय, नाहीतर कुणाच्या तरी पोटात दुखतंय. त्या म्हणाल्या, "काय करणार? घरीच असतो. वाडीत पानी सोडतो, केळी उतरवतो."

"नोकरी करत नाहीत?"

"कसली नोकरी गो बाय. आमाला कोन देते नोकरी?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. "चार वर्षांपासून कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत असं इथे लिहिलंय."

इतकी आतली बातमी या बाईला कुणी दिली? मग तर जास्तच झाकायला हवं. "कोनीतरी उगाच लिवलं असल," त्या ठासून म्हणाल्या. "कॉम्प्युटर कसा असते तो आमी बघला पन नाय."

पलीकडून आभार मानून फोन ठेवला गेला. यमुनाबाई परत शेंगा सोलायला बसल्या. गड जिंकून आल्यासारखा चेहरा झाला होता. "सोयरीकवाली होती," त्या म्हणाल्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

जुलियानाबायचे हात थांबले होते. तिचा मुलगा आल्बर्ट कुवेतला नोकरीला होता. "यमुनाबाय, सोयरीकवाली 'लिहिलंय' कशी बोलल? माज्या आल्बर्टच्या वक्ताला कुवेतवाल्यांनी असंच घरी इचारलं होतं."

"तू पन ना," यमुनाबाई म्हणाल्या. पण त्या दिवशी वालाच्या भाजीत त्यांनी दोनदा मीठ घातलं.

पासपोर्ट परत आला तो कोराच. उमंग वकिलातीच्या खिडकीशी उभा राहून, हात जोडून विचारत राहिला तेव्हा आतल्या माणसानं एवढंच सांगितलं, की तुम्ही नोकरीच करत नाही असं तुमच्या घरूनच कळलं आहे. घरून. हा एकच शब्द घेऊन उमंग सांडोरला परतला. पायातले बूटही न काढता तो ओटीवर उभा राहिला. "घरून कोण बोललं?"

दिनानाथ म्हणाले, "मी तर नाय." मग बायकोकडे वळले. "कोनाचा फोन आलेला काय गो?"

यमुनाबाईंना त्या क्षणी सगळं कळलं. सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलंही होतं, पण तेवढ्यात उमंग म्हणाला, "ज्यानं कुणी हे केलं ना, जन्मात त्याचं तोंड बघणार नाही मी."

"नाय," यमुनाबाई म्हणाल्या. "कोनाचा नाय आला."

इतकी वर्षं दृष्टीच्या भीतीनं उलटं बोलणाऱ्या बाईनं त्या दिवशी पहिल्यांदा खरंखुरं खोटं सांगितलं. आणि तेच गावानं खरं मानलं.

घरून म्हणजे कोण, तर संशय गेला परेशवर. परेश हा उमंगचा चुलतभाऊ. घर एकच, मधे भिंत, आणि फोनला दोन्हीकडे यंत्रं. परेश बारावीला दोनदा नापास झालेला, वाडीच्या बांधावरून दोघांच्या बापांत कुरबुरी चाललेल्या. आणखी पुरावा कशाला हवा? उमंगनं अंगणात त्याची गचांडी धरली. परेश देवाशपथ सांगत होता, तुळशीवर हात ठेवत होता. यमुनाबाई दाराच्या आड उभ्या होत्या.

तरी अजून सगळं संपलं नव्हतं. अमेरिकेतल्या कंपनीला उमंग हवाच होता. त्यांच्या वकिलानं कळवलं, ज्या कुणी घरातून चुकीची माहिती दिली त्यानं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं, की मी बोललो, अमुक कारणानं बोललो, खरं असं आहे. नव्या जागेतून कंपनीचं पत्रही जोडा. आम्ही पुन्हा अर्ज करतो. जागा राखून ठेवतो, पण फार दिवस नाही.

म्हणजे सगळं येऊन अडलं होतं ते एका सहीवर. आणि ती सही ज्या हाताची हवी होती, तो हात रोज उमंगच्या ताटात भात वाढत होता.

उमंग मान खाली घालून परेशकडे गेला. गचांडी धरली होती त्याच अंगणात त्यानं विनवलं, "झालं गेलं विसरू. तू फक्त लिहून दे." परेश म्हणाला, "दादा, मी जे बोललोच नाय ते लिहून कसं देऊ? तुला पायजे तर देतो. पन ते विचारतील कधी बोललास, काय बोललास, तर काय सांगू?" उमंगला वाटलं, हा अजून सूड उगवतोय. थुंकून तो परत आला. त्या दिवसापासून मधल्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना बोलणं बंद झालं. परेशची आई पाणी भरायला दुसऱ्या विहिरीवर जाऊ लागली.

जुलियानाबाय एकटी सगळं जाणून होती. ती दर चार दिवसांनी मागच्या दारानं येई. "सांग त्याला. तुजा पोर हाय, मारून नाय टाकनार."

"तोंड नाय बघनार बोलला तो."

"मंग काय झाला? पोराचं आयुष्य जास्त की तुजं तोंड?"

यमुनाबाईंपाशी यावर नुसतं रडणं होतं. मला या बाईची कीव येते आणि चीडही येते, आणि दोन्ही एकाच वेळी येतात. आज सांगू, उद्या सांगू करत त्यांनी दिवाळी घालवली, संक्रांत घालवली. देवाला नवस बोलल्या, गुपचूप. देव तरी काय करणार? त्याला कुठे सही करता येते?

शेवटी शिमगा झाल्यावर एकदा परेश तापानं आजारी पडला. ताप ऐकल्यावर यमुनाबाईंना मोरेश्वर आठवला. दुसऱ्याच्या पापानं पोर जायचं. त्या तशाच उठल्या. उमंग वाडीत केळीची पिकली पानं काढत होता. त्यांनी तिथेच, चिखलात उभं राहून सांगितलं. फोन केव्हा आला, त्या बाईनं काय विचारलं, आपण काय बोललो, का बोललो, सगळं. एक शब्द झाकला नाही.

उमंगनं कोयता खाली ठेवला. मग म्हणाला, "आता सांगतेस?"

"मी सही देते. आत्ता चल. कुठं पायजे तिथं देते."

"कुणाला देतेस? कंपनी बंद पडली, आई. तिकडे सगळ्याच पडतायत. चार आठवडे झाले."

त्यानं हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं. तोही त्याच आईचा मुलगा होता.

उमंग तिथून निघाला तो थेट परेशकडे गेला. त्याच्या उशाशी बसून त्यानं त्याचे दोन्ही हात धरले आणि ढसाढसा रडला. परेश बरा झाला. भिंतीच्या दोन्ही बाजू बोलू लागल्या. दिनानाथ बायकोवर एकदाच भडकले, मग आपणही तिला काही सांगितलं नव्हतं हे आठवून गप्प बसले. उमंगनं मात्र आईला शब्दानंही दुखावलं नाही. तोंड बघणार नाही म्हणाला होता, पण रोज बघत होता. वाढलेलं जेवत होता, पगार आणून देव्हाऱ्यापाशी ठेवत होता, आजारपणात दवाखान्यात नेत होता. त्यानं फक्त सांगणं बंद केलं.

"आज उशीर झाला?"

"हो."

"काम जास्त हाय काय?"

"नेहमीचंच."

पुढची तीन वर्षं त्या घरात हे असंच चाललं. यमुनाबाईंनी हळूहळू त्याला धोंड्या म्हणणं सोडलं. एकदा तर बाजारात कुणी विचारलं तेव्हा त्या मोठ्यानं म्हणाल्या, "उमंग ना? मोठा इंजिनेर हाय. लय हुशार." ऐकणाऱ्यानं हसून मान हलवली. त्यांचं खरं मानायची गावाला सवयच नव्हती. घरी येऊन त्यांनी ही गोष्ट उमंगला सांगितली, तो खूष होईल म्हणून. त्यानं पेपर उलटला.

दोन हजार चारच्या वैशाखात बोळिंजला भाचीचं लग्न होतं. यमुनाबाई हळदीपासून तिकडेच होत्या. उमंगला सुट्टी नव्हती म्हणून तो आला नाही. दिनानाथ लग्नापुरते आले, अक्षता टाकल्या आणि जेवण न घेता परतले. पाठवणी आटोपून दुसऱ्या दिवशी बाई सांडोरला आल्या तर उमंगच्या खोलीतलं कपाट रिकामं होतं. खुंटीवर एक जुना टॉवेल तेवढा राहिला होता. ओटीवर दिनानाथ बसले होते, धुतलेला सदरा घालून, विमानतळावरून आल्यासारखे. ते खरोखरच तिथून आले होते.

"उमंग कुठं?"

"गेला."

"कुठं गेला?"

"इंग्लंडला. तिकडच्या कंपनीनं व्हिसा काढला. सकाळच्या विमानानं गेला."

यमुनाबाई खांबाला धरून खाली बसल्या. कुंपणापलीकडे जुलियानाबाय कपडे वाळत घालत होती. तिनं एकदा इकडे पाहिलं आणि मान फिरवली. परेश दारात येऊन उभा राहिला. त्याच्या अंगावर उमंगचा नवाकोरा शर्ट होता, जाताना दिलेला. यमुनाबाईंनी एकेकाकडे बघितलं. कुणालाच नवल वाटलेलं दिसत नव्हतं.

"बरं केलंन," त्या शेवटी म्हणाल्या. "काम होईपर्यंत बोलूच नये. तुमाला शपथ घातलेली काय त्यानं, कोनाला सांगू नका म्हनून?"

दिनानाथनी पायांकडे बघत डोकं हलवलं.

"कोनाला नाय," ते म्हणाले. "फकस्त तुला."