राष्ट्रीय वाद्यवृंदातली माझी खुर्ची

सौंदडला लग्नसराईत बाबांची बँडपार्टी असायची आणि पावसाळ्यात तीच माणसं धानाच्या बांधीत रोवणीला वाकलेली असायची. बाबा क्लॅरिनेट वाजवायचे. माझ्या दोन्ही भावांना फुंकायचा कंटाळा होता, म्हणून मीच बाबांच्या मागे लागून शिकले. बुद्धजयंतीच्या मिरवणुकीत पहिल्यांदा वाजवलं, तेव्हा बायका दारादारांत येऊन पाहत होत्या. एक काकू मोठ्यानं म्हणाली होती, "पोरगी वाजवून राहिली वो माय!"

पुढे गोंदियाला कॉलेजात असताना एका कार्यक्रमात दिल्लीहून आलेल्या सरांनी मला ऐकलं. परदेशात पाश्चात्त्य संगीत शिकून आलेले, साठीकडे झुकलेले ते गृहस्थ. देशाचा स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करायचा आणि त्यात एकही वादक बाहेरून भाड्यानं आणायचा नाही, असा त्यांनी पण केला होता. व्हायोलिनवाले त्यांना मिळाले होते. फुंकून वाजवणारे मिळत नव्हते, म्हणून ते गावोगावचे बँड धुंडाळत फिरत होते.

ते आमच्या घरी आले, अंगणातल्या खाटेवर बसले आणि बाबांना म्हणाले, "बेटी को हमारे साथ भेज दीजिए. देश का काम है."

"काऊन जी, तुमच्या दिल्लीत वाजवणारे नाहीत का?" बाबांनी विचारलं.

"हैं. पर अपने नहीं हैं."

त्या 'अपने' शब्दावर बाबा विरघळले. स्वतःचं क्लॅरिनेट त्यांनी मला दिलं.

दिल्लीत आमचा ऑर्केस्ट्रा एका बंद पडलेल्या शाळेच्या हॉलमध्ये सुरू झाला. आवाज घुमू नये म्हणून आम्ही भिंतींना जुन्या रजया ठोकल्या. पहिल्या दिवशी सगळे मिळून वाजवायला लागलो, तेव्हा बाहेरचा चौकीदार धावत आत आला. कोणी भांडतंय, असं त्याला वाटलं होतं. सर इतके हसले की त्यांच्या हातातली ताल दाखवायची काडी खाली पडली. ते दिवस खरंच चांगले होते. खुर्च्या आम्हीच लावायचो, आम्हीच झाडायचो. हळूहळू माणसं वाढली, मोठ्या पिपाण्या आल्या, तालीम ऐकायला लोक येऊ लागले, सरकारी गाड्या दारात थांबू लागल्या.

माझ्या खोलीत नागपूरची एक मुलगी राहायची. ती बासरी वाजवायची, आपल्या बांबूची नव्हे, धातूची. माझं एक दुखणं फक्त तिला माहीत होतं. मला कागदावरचं नोटेशन भराभर वाचता येत नव्हतं. माझं सगळं कानावर. रोज संध्याकाळी ती माझा भाग गाऊन दाखवायची आणि मी तो पाठ करायचे. "कोणाले नको सांगू," मी म्हणायचे. ती म्हणायची, "वेडी आहेस का? मी कायले सांगू?"

मग मोठा कार्यक्रम ठरला. टीव्हीवरून देशभर दाखवणार होते. त्यात क्लॅरिनेटचा एक लांब एकल तुकडा होता आणि तो माझ्याकडे आला. झोपेतही माझी बोटं चालायची. गावी समाजमंदिरात टीव्ही लावायचं ठरलं होतं. बाबांनी आमगावच्या पाहुण्यांनाही बोलावलं होतं.

शेवटच्या तालमीला गेले तर रंगमंचाच्या मागे काळा पडदा लावलेला दिसला. डोकावले, तर पडद्याआड काही खुर्च्या होत्या आणि त्यांवर परदेशी वादक बसले होते. मला वाटलं, पाहुणे असतील. सरांनी मला बाजूला घेतलं.

"उद्या तू समोरच बसायचं," ते म्हणाले. "कॅमेरा तुझ्यावरच येणार. वाजवायचं मात्र नाही. नुसतं धरायचं, बोटं हलवायची."

"काऊन सर?"

"तुला वाचता येत नाही, हे मला कळलंय. ऐन वेळी अडलीस तर? देश की इज्जत का सवाल है, बेटा."

मला पाठ होतं. तिथंच वाजवून दाखवते म्हटलं. त्यांनी घड्याळ बघितलं.

माझं न वाचणं त्यांना कोण सांगू शकत होतं, हे समजायला मला वेळ लागला नाही. तिच्याकडे पाहिलं. ती बासरी पुसत होती. एकदाही मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी साड्या नेसून आम्ही तयार होतो, तेव्हा तीच माझ्याजवळ आली. "सरांनी सांगितलं, पत्ती काढून दे. चुकून आवाज निघायला नको." पत्ती म्हणजे तोंडाशी बसवलेली वेताची पातळ चीप. तिच्याशिवाय क्लॅरिनेट म्हणजे नुसतं लाकूड. मी काढून तिच्या हातावर ठेवली. नाही म्हणता आलं असतं, उठून जाता आलं असतं. पण समाजमंदिरात माणसं बसली असणार होती.

मी गाल फुगवले, डोळे मिटले, बोटं हलवली. माझा तो सगळा तुकडा माझ्या पाठीमागून, पडद्याआडून येत होता. टाळ्या झाल्या. सरांनी हात करून मला उभं केलं आणि मी उभी राहिले.

बाबांचा फोन आला तेव्हा मागे नुसता गलका होता. "मी त तुया सूर डोळे मिटून वळखलो, बाई," ते म्हणाले. "सगळ्याइले सांगलो, हा आपल्या घरचा सूर होय."

मी हो म्हटलं. त्याच आठवड्यात गोंदियाची गाडी धरली.

घरी आल्यावर बाबांना खरं सांगितलं. ते बांधावर बसले होते. हाताचा चिखल त्यांनी गवताला पुसला. मग म्हणाले, "त मंग वाजवला कोण तो?"

"मले माहीत नाही. पडद्यामागं होता."

"चांगला वाजवला," ते म्हणाले. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. वादकाला वादकाचं जेवढं दिसतं तेवढं ते बोलले. पण सरांच्या बोलण्यापेक्षा ते मला जास्त लागलं.

आज ऑर्केस्ट्राची स्वतःची इमारत आहे. तो परदेशात जातो. आता त्यात खरोखर सगळे आपलेच वादक आहेत, असं ऐकते. त्यांच्या माहितीच्या फिल्ममध्ये सुरुवातीच्या दिवसांच्या चित्रणात माझा चेहरा येतो. डोळे मिटलेले, गाल फुगलेले. खाली लिहिलेलं असतं, गावागावांतून आलेले वादक.

गेल्या वर्षी नागपूरला त्यांचा कार्यक्रम होता. त्या बासरीवाल्या मैत्रिणीचा फोन आला. "मी नसतं सांगितलं तर दुसऱ्या कोणी सांगितलं असतं. तू अजून रागावून आहेस का?"

"तू त्या दिवशी एकदा तरी माझ्याकडं पाहायला पाहिजे होतं," मी म्हटलं. आणि फोन ठेवला.

मी कार्यक्रमाला गेले नाही. बाबा गेले. "मले आयकाचं हाये," एवढंच म्हणून थोरल्या भावाला घेऊन निघाले. परत आले ते फार खुशीत होते. बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि पाणी मागितलं. मी पाणी दिलं. कसा झाला, हे मी विचारावं म्हणून ते कितीतरी वेळ तिथंच बसून राहिले. मी विचारलं नाही.