तळहातातले ठोके

बसू, इरा — आजोबांना नव्या औषधानं वाचवलं, असं मी तुम्हाला आजवर फोनवर सांगत आले. गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमधून डॉक्टरांचा फोन आला, आणि आता ते वाक्य मला म्हणता येत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

चमत्कारांवर माझा कधीच विश्वास नव्हता. जन्मभर कॉलेजात बायॉलॉजी शिकवली. लिंगायत म्हणून गळ्यात बाळगायचं माझं स्वतःचं इष्टलिंग लग्नानंतर लवकरच कपाटात गेलं. आजोबांचं मात्र कायम गळ्यात, चांदीच्या डबीत.

राजेश्वरला, आपल्या गावी, त्या वर्षी तूर चांगली झाली होती. आजोबांनी पोत्यांमध्ये किडीच्या गोळ्या ठेवल्या, खोली बंद केली आणि दुपारी शेजारच्याच खोलीत आडवे झाले. मधल्या दाराला खाली फट होती. त्या गोळ्यांतून विषारी गॅस सुटतो... उठले ते छाती धरून, उलट्या करतच.

गुलबर्ग्याच्या हॉस्पिटलात तरुण डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "आजी, या विषावर उतारा नाही. हृदयाच्या स्नायूला मार बसलाय. आम्ही एका औषधाची ट्रायल घेतोय. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच. वर निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं सलाईन. कुणाला काय, ते आम्हालाही कळत नाही."

'कंट्रोल ग्रुप' हे शब्द मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिले. त्या नुसत्या सलाईनवाल्या गटात आपला नवरा असू शकतो, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मी सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

"अज्जी, मेटल नको," नर्स म्हणाली आणि डबी काढून माझ्याकडे दिली.

"खाली ठेवू नको," आजोबा पुटपुटले. मग त्यांना आयसीयूत नेलं.

मी काचेबाहेर उभी राहिले. का कोण जाणे, डबी उघडून लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि मूठ मिटली. एकाचं लिंग दुसऱ्यानं असं धरायचं नसतं, हे मला माहीत होतं.

ते ठोके देत होतं.

भीती वाटली नाही. रडूही आलं नाही. वर्गात दाखवावं तसं मी उजव्या हाताची बोटं मानेवर ठेवून स्वतःची नाडी पाहिली — ती जलद होती. मुठीतले ठोके संथ, एकसारखे. समोर मॉनिटरवर आजोबांची रेघ मात्र वेडीवाकडी धावत होती.

आजोबांच्या थोरल्या बहिणीनं, शांताक्कांनी, माझी मूठ पाहिली. "कामून धरलीस गं त्याचं? तुझं तर कपाटात धूळ खायलंय!"

"अक्का, ठोके पडतायत. बघा."

त्यांनी माझी मूठ दोन्ही हातांत घेतली, डोळे मिटले, आणि सोडून दिली. "काय न्हाई. दगड हाय बाई. इंग्लिस शिकलेल्या मास्तरणीला आता लिंगात घड्याळ ऐकू यायलंय!" असं म्हणाल्या, पण पदर डोळ्यांना लावला.

ट्रायलची बाटली चढली. मी तिथेच उभी. संध्याकाळच्या आत ती रेघ हळूहळू सुधारत गेली... आणि एका क्षणी मॉनिटरचा आवाज आणि माझी मूठ एका तालात आली. तेवढ्यात मुठीतलं थांबलं. आत नुसता थंड दगड. मॉनिटर चालूच राहिला.

"औषध लागू पडलं!" सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

गेल्या आठवड्यात डॉक्टर फोनवर म्हणाल्या, "आजी, ट्रायल संपली. कुणाला काय दिलं ते आता उघड झालंय. आजोबांना सलाईनच होतं."

"नुसतं मीठपाणी?"

"व्हय आजी." त्या एरवी माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलतात.

"आणि तुमचं औषध?"

"आशा आहे. अजून खात्रीनं सांगता येत नाही. काही जणांचं हृदय आपोआपही सावरतं."

सावरत असेल. मुठीत धडधडली ती माझ्याच बोटांची नाडी असेल, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. पण ती मी मोजली होती, आणि ती वेगळी होती. त्या संध्याकाळपासून माझ्या डाव्या तळहाताला काही जाणवत नाही. दोनदा तव्यावर भाजला, वास आला तेव्हा कळलं. नसांच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या — नसा ठीक आहेत म्हणे. याचा अर्थ मला लागलेला नाही, आणि लावून देणारं कुणी भेटलेलं नाही.

आजोबा आहेत. जिना चढताना मध्ये थांबतात, पण आहेत. दूध किती गरम आहे, ते आता आजोबाच बोट लावून मला सांगतात.